बाउहाउसच्या सुतारशाळेतला मार्सेल

जर्मनीत नव्यानं आलेल्या मराठी माणसाला बाउहाउस हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो बहुधा दुकानाच्या पाटीवर. पडद्याचा रॉड लावायचाय, स्क्रू हवेत, भिंतीला रंग काढायचाय, की शनिवारी सकाळी गाडी काढायची आणि बाउहाउस गाठायचं. १९६० साली मानहाइमला सुरू झालेल्या या दुकानांचा आणि वायमारच्या त्या प्रसिद्ध कलाशाळेचा नावापलीकडे काही संबंध नाही. पण ज्या माणसाबद्दल मी आज लिहिणार आहे, तो या दोन्ही ठिकाणी सारखाच रमला असता. त्याचं नाव मार्सेल ब्रॉयर.

नाव ऐकलं नसेल तरी हरकत नाही. त्याच्या खुर्चीवर तुम्ही नक्की बसला असाल. वाकवलेल्या चकचकीत स्टीलच्या नळीची, मागचे पाय नसलेली, बसल्यावर किंचित झुलणारी, लाकडी चौकटीत वेत विणलेली ती खुर्ची. इथल्या दातांच्या डॉक्टरांकडे, वकिलांच्या ऑफिसात, कुणाकुणाच्या जेवणघरात ती हमखास दिसते. तिच्या चुलतबहिणी आपल्याकडच्या जुन्या ऑफिसांतही दिसायच्या.

या माणसाबद्दल मी गेली तीन वर्षं मिळेल ते वाचते आहे, त्याला कारण घरातलंच आहे. आमच्या मुलीनं चांगल्या मार्कांनी आबिटुअर केलं आणि सुतारकामाची आउसबिल्डुंग घ्यायचं ठरवलं. उत्तरेकडे या धंद्याला टिश्लर म्हणतात, आमच्या दक्षिणेकडे श्रायनर. तीन वर्षं कारखान्यात उस्तादाच्या हाताखाली काम, जोडीला धंदेशिक्षणाची शाळा, दरमहा थोडा पगार आणि शेवटी स्वतः आखून, स्वतः बनवून परीक्षकांपुढे ठेवायची एक वस्तू. इथल्या शेजाऱ्यांना यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या साताऱ्याच्या आजींना मात्र फोनवर नीट समजावून सांगायला मला तीन रविवार लागले. एवढे मार्क पडलेली मुलगी रंधा का मारणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि लोकांना काय सांगायचं हा दुसरा. खरं सांगायचं तर पहिला प्रश्न आम्हा दोघांच्याही मनात होता. आजींनी तो फक्त मोठ्यानं विचारला. त्या दिवसांत मुलीनं ब्रॉयरचं एक जाडजूड पुस्तक आमच्यापुढे आणून ठेवलं आणि ती तिच्या कामाला निघून गेली.

मार्सेलचा जन्म २१ मे १९०२ चा, दक्षिण हंगेरीतल्या एका गावातला. गावाचं नाव पेच. मराठी माणसाला हे नाव विसरणं शक्य नाही, आणि मार्सेलच्या आयुष्यात पेचप्रसंगही कमी आले नाहीत. घर ज्यू, मध्यमवर्गीय. वडील दातांच्या कवळ्या वगैरे बनवणारे तंत्रज्ञ. म्हणजे मापात बसणारी वस्तू हातानं घडवणं हे घरात होतंच. मुलाला चित्रकार किंवा शिल्पकार व्हायचं होतं. अठराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून तो व्हिएन्नाच्या कला अकादमीत दाखल झाला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, साम्राज्य मोडलेलं, पण अकादमीतलं वातावरण जुनंच. तिथल्या चर्चांचा त्याला इतका कंटाळा आला, की जवळजवळ आल्या पावली तो बाहेर पडला. एका वास्तुकाराकडे थोडे दिवस काम केलं. तेवढ्यात त्याला कळलं, की जर्मनीत वायमार नावाच्या गावी एक नवी शाळा निघाली आहे आणि तिथे सगळं शिक्षण कार्यशाळेत चालतं. तो सरळ तिकडे गेला.

ही शाळा वॉल्टर ग्रोपियस या वास्तुकारानं एप्रिल १९१९ मध्ये सुरू केली होती. कलावंत आणि कारागीर यांच्यातली भिंत पाडायची, हा तिचा उद्देश. नुसतं म्हणून ते होत नाही, म्हणून त्यांनी व्यवस्थाच तशी केली. आधी सहा महिन्यांचा पायाभूत वर्ग. त्यात योहानेस इटेन नावाचे स्वित्झर्लंडचे शिक्षक मुलांना लाकूड, लोकर, काच, पत्रा, गवत असं काहीही हाताळायला लावत. खरखरीत काय, गुळगुळीत काय, कशाला किती ताण सोसतो, हे बोटांना कळलं पाहिजे. पुढच्या काळात योझेफ आल्बर्स हे शिक्षक मुलांना साधा कागद देऊन घड्या आणि काप यांनी त्यालाच उभं करायला सांगत. कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन ज्यांनी लहानपणी आकाशकंदील केला आहे, त्यांना हा अभ्यासक्रम वेगळा समजावून सांगायला नको.

त्यानंतर मूल कार्यशाळेत जायचं : विणकाम, धातुकाम, भांडी, भित्तिचित्र, छपाई, सुतारकाम. प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू. एक आकार शिकवणारा कलावंत, दुसरा धंदा शिकवणारा कसलेला कारागीर. असं का, तर दोन्ही येणारा एकच माणूस तेव्हा सापडतच नव्हता, म्हणून मुलांनी दोघांकडून निम्मं निम्मं घ्यायचं. मुलांचा करार रीतसर शिकाऊ उमेदवाराचा असायचा आणि परीक्षा गावातल्या कारागिरांच्या मंडळापुढे द्यावी लागायची. आमची मुलगी आज ज्या व्यवस्थेत शिकते आहे, तीच ही व्यवस्था. तेव्हा नवीन एवढंच होतं, की तिच्या शेजारी चित्रकार आणून उभा केला.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. या दोन गुरूंपैकी कारागीर गुरूला शाळेचे निर्णय घेणाऱ्या सभेत मताचा अधिकार नव्हता. भिंत पाडायला निघालेल्या शाळेतही ती थोडी उरलीच होती. आपण बलुतेदारीच्या गावांतून आलेले लोक. सुताराशिवाय नांगर चालत नाही, घर उभं राहत नाही, पण पंगतीत तो कुठे बसतो हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे वाचताना मला त्यात परकं काही वाटलं नाही.

मार्सेल सुतारशाळेत गेला. करवत, रंधा, पटाशी, गुण्या. लाकडाचे रेषे कुठल्या दिशेला धावतात, कोणत्या दिशेनं रंधा मारला की सालपट अखंड निघतं आणि कोणत्या दिशेनं मारला की लाकूड उचकटतं, खाच किती खोल पाडली म्हणजे सांधा हलत नाही. त्या सुरुवातीच्या दिवसांत युद्धामुळे सामानाची टंचाई होती. आडोल्फ झोमरफेल्ड या लाकूड व्यापाऱ्यानं बर्लिनमध्ये आपलं घर बांधायचं काम बाउहाउसला दिलं. लाकूड कुठून आणलं, तर मोडीत काढलेल्या एका युद्धनौकेतून. आणि ते लाकूड होतं चक्क सागवान! त्या घराचं काही फर्निचर मार्सेलनं केलं. आपल्या वाड्यांच्या तुळया ज्याच्या, त्या लाकडावर हा विशीतला मुलगा बर्लिनमध्ये हात बसवत होता. ते घर पुढे दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं.

१९२१ मध्ये त्यानं गुंटा श्टोल्झ्ल या विणकाम शिकणाऱ्या मुलीबरोबर एक खुर्ची केली. तिला आफ्रिकी खुर्ची म्हणतात. रंगवलेलं लाकूड, पाच पाय, पाठीवर रंगीत विणकाम. एखाद्या टोळीच्या राजाच्या सिंहासनासारखी ती दिसते. बरीच वर्षं ती फक्त एका फोटोतून माहीत होती. २००४ साली ती अचानक पुढे आली आणि बर्लिनच्या बाउहाउस संग्रहालयानं ती घेतली. पुढच्या तीन-चार वर्षांत हा मुलगा किती बदलला हे पाहायचं असेल, तर या खुर्चीशेजारी त्याची १९२२ ते १९२४ मधली पट्ट्यांची खुर्ची ठेवून पाहावी. नुसत्या सरळ लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्यात बसायला आणि पाठीला ताणलेलं कापड. हॉलंडच्या खेरिट रीटफेल्ड या सुतार-वास्तुकाराच्या कामाची छाप तिच्यावर उघड आहे. पण मार्सेलनं त्यात स्वतःची एक गोष्ट घातली. माणूस बसल्यावर त्याचं वजन कुठे पडतं, कंबरेला आधार कुठे लागतो, मणक्याला काही टोचता कामा नये, हे त्यानं पाहिलं आणि तिथे लाकूड काढून कापडाचा पट्टा दिला. शोभेसाठी त्यात काहीच नाही.

१९२३ च्या उन्हाळ्यात बाउहाउसनं वायमारमध्ये मोठं प्रदर्शन भरवलं. तो महागाईचा भयंकर काळ. नोटांचे आकडे रोज वाढत होते. त्याही स्थितीत शाळेनं हाउस आम होर्न नावाचं एक घर बांधलं आणि त्यातली प्रत्येक वस्तू कार्यशाळांनी केली. दिवाणखान्याचं फर्निचर मार्सेलचं. मुलांच्या खोलीचं फर्निचर करण्यात आल्मा बुशर ही विद्यार्थिनी होती. तिची गोष्ट आमच्या मुलीची आवडती. बाउहाउसमध्ये मुलींना बहुतेक वेळा विणकामाकडेच पाठवत. आल्मालाही आधी तिथेच घातलं होतं. ती तिथून खटपट करून लाकडाच्या कार्यशाळेत गेली आणि तिनं केलेलं जहाज बांधायचं लाकडी खेळणं आजही विकत मिळतं. १९४४ मध्ये फ्रँकफर्टजवळच्या बॉम्बहल्ल्यात ती गेली, तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती.

मार्सेलनं १९२४ मध्ये कारागिराची परीक्षा दिली आणि पॅरिसला गेला. इकडे थुरिंगियात उजव्या पक्षांचं सरकार आलं, त्यांनी शाळेचा पैसा तोडला, आणि १९२५ मध्ये बाउहाउस वायमार सोडून डेसाउला आलं. ग्रोपियसनं मार्सेलला परत बोलावलं आणि सुतारशाळेचा प्रमुख केलं. वय वर्षं तेवीस! त्याच्याबरोबर आणखी पाच माजी विद्यार्थ्यांना शिक्षक नेमलं. त्यांत आल्बर्स होते आणि गुंटाही होती. आता दोन गुरूंची जोडी ठेवायची गरज उरली नाही. आकारही ज्याला कळतो आणि सांधाही ज्याला जमतो अशी माणसं शाळेनं सहा वर्षांत स्वतःच तयार केली होती. माझ्या मते बाउहाउसचं सर्वांत मोठं उत्पादन हेच. खुर्च्या, दिवे, चहाच्या किटल्या नंतर.

डेसाउला आल्यावर मार्सेलनं आपली पहिली सायकल घेतली, आडलर कंपनीची. सायकल चालवताना त्याची नजर हँडलवर गेली. वाकवलेली पोलादी नळी, वजनाला हलकी आणि तरी माणसाचा भार पेलणारी. हीच नळी खुर्चीला का नको? तो आडलर कंपनीकडे गेला. त्यांना त्यात रस वाटला नाही. मग त्यानं नळ्या मिळवल्या आणि धातुकाम जाणणाऱ्या कारागिराच्या मदतीनं स्वतः प्रयोग सुरू केले. सुतारशाळेचा प्रमुख असून दुसऱ्या धंद्यातल्या माणसाकडे शिकाऊसारखं उभं राहण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

त्यातून १९२५ मध्ये जी आरामखुर्ची झाली, ती आज वासिली खुर्ची म्हणून जगभर ओळखली जाते. बाउहाउसमध्ये शिकवणारे चित्रकार वासिली कांडिन्स्की यांना ती फार आवडली आणि मार्सेलनं त्यांच्यासाठी एक करून दिली, म्हणून हे नाव. ते मात्र बऱ्याच नंतर, १९६० च्या दशकात, इटलीच्या डिनो गाविना या उत्पादकानं दिलं. तोपर्यंत तिला नुसता नंबर होता, बी ३.

पुस्तकातले फोटो मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ही पोलादी खुर्ची त्या लाकडी पट्ट्यांच्या खुर्चीचीच मुलगी आहे. तीच चौकट, तेच ताणलेलं कापड. लाकडात प्रत्येक कोपऱ्यावर सांधा करावा लागतो. सांधा म्हणजे वेळ, आणि सांधा म्हणजे पुढेमागे हलणारी जागा. ज्यानं शेकडो सांधे स्वतः केले आहेत, त्यालाच नळी वाकवून एक कोपरा वाचवण्याची किंमत कळते. मुलीला हे सांगितलं तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की हे तर तिला पहिल्याच महिन्यात समजलं होतं. कापडही साधं नव्हतं. मेण लावून कडक केलेल्या सुती धाग्याचं, लोखंडी धागा या अर्थाच्या नावाचं ते कापड. विणकामशाळेच्या मार्गारेटा रायखार्ट या विद्यार्थिनीनं ते आणखी मजबूत केलं.

डेसाउची नवी इमारत डिसेंबर १९२६ मध्ये उघडली. सभागृहातल्या घडीच्या खुर्च्या आणि उपाहारगृहातली स्टुलं मार्सेलची. त्याच वर्षी त्यानं शाळेच्या मासिकात एक गमतीचं पान केलं. सिनेमाच्या फितीसारखे एकाखाली एक फोटो : आधी ते आफ्रिकी सिंहासन, मग लाकडी खुर्च्या, मग पोलादी खुर्ची, आणि सर्वांत खाली खुर्चीशिवाय हवेवर बसलेली बाई. खुर्ची कमी कमी होत शेवटी नाहीशी व्हावी, अशी त्याची इच्छा. स्वतःच्या धंद्याची एवढी थट्टा करायला धंदा पुरता यावा लागतो.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. आता पेच.

मार्सेलनं नळीच्या फर्निचरचे हक्क स्वतःच्या नावावर घेतले आणि काल्मान लेंग्येल या आपल्या देशबांधवाबरोबर बर्लिनमध्ये ते विकण्यासाठी कंपनी काढली. शाळेला वाटत होतं की हे काम बाउहाउसचं. मार्सेलचं म्हणणं, की हे काम मी शाळेच्या कार्यशाळेबाहेर, माझ्या वेळात, माझ्या पैशानं केलं. ग्रोपियस नाराज झाले. कार्यशाळेत शिकलेलं ज्ञान कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न काही सोपा नाही. गुरूकडून घेतलेलं, शेजारच्या बाकावरच्या मित्राचं पाहिलेलं आणि स्वतः शोधलेलं, यांच्यात रेघ कुठे मारणार?

तोच प्रश्न लवकरच कोर्टात गेला. मागचे पाय नसलेली खुर्ची हॉलंडच्या मार्ट स्टामनं १९२६ मध्ये गॅसच्या नळ्या जोडून केली होती. १९२७ मध्ये स्टुटगार्टच्या वायसेनहोफ वसाहतीच्या प्रदर्शनात ती दिसली आणि तिथेच मीस फान डेर रोहेची झुलणारी खुर्चीही आली. १९२८ मध्ये मार्सेलची वेताची खुर्ची आली. मार्सेलचं म्हणणं, की आपल्या उपाहारगृहाच्या स्टुलाला आडवं पाडलं की हीच खुर्ची होते, आणि ही कल्पना आपण स्टामजवळ बोललो होतो. हक्क विकत घेतलेले आंतोन लोरेन्झ आणि मार्सेलची खुर्ची बनवणारी थोनेट कंपनी यांच्यात खटला चालला. १९३२ मध्ये लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या खुर्चीच्या मूळ रूपाचा कलाहक्क स्टामचा असा निकाल दिला. म्हणून आजही थोनेटच्या त्या खुर्चीखाली दोन नावं येतात : रचना मार्सेल ब्रॉयर, कलाहक्क मार्ट स्टाम.

निकाल असा लागला तरी लोकांच्या लक्षात राहिली ती मार्सेलचीच, आणि त्याचं कारण मला तरी सुतारकामात दिसतं. मार्सेलनं पोलादाच्या चौकटीत बीच लाकडाची वाकवलेली कड घातली आणि त्यात वेत विणला. लाकूड वाकवणं आणि वेत विणणं हा थोनेटचा जुना पिढीजात धंदा. ऱ्हाइनकाठच्या बोपार्ट गावचे सुतार मिखाएल थोनेट यांनी तो गेल्याच्या गेल्या शतकात उभा केला होता. मार्सेलनं कारखान्याची नळी आणि सुताराचा हात एका खुर्चीत आणला. हाताला थंड पोलाद लागत नाही, लाकूड लागतं. ही खुर्ची पुढे त्याच्या मुलीच्या, फ्रांचेस्काच्या, नावावरून चेस्का झाली.

१९२८ मध्ये ग्रोपियसबरोबरच मार्सेलनंही बाउहाउस सोडलं आणि बर्लिनमध्ये वास्तुकाराचं ऑफिस थाटलं. जगभर मंदी आली. कामं थोडी. १९३२ मध्ये वीसबाडेनला पहिलं घर बांधून झालं, तेही पुढे युद्धात गेलं. डेसाउचं बाउहाउस नाझींच्या बहुमतानं १९३२ मध्ये बंद पाडलं, बर्लिनचं १९३३ मध्ये बंद झालं. ज्यू घरात जन्मलेल्या मार्सेलला जर्मनीत जागा उरली नाही. बुडापेस्ट, झ्युरिक असं करत १९३५ मध्ये तो लंडनला पोचला. परका देश, परकी भाषा, तिशी उलटलेली, आणि सगळं पहिल्यापासून. आपल्यापैकी अनेकांना हे थोडंफार ओळखीचं वाटेल, पण आपल्या पाठीमागे कुणी लागलं नव्हतं, हा फरक विसरून चालणार नाही.

लंडनला ग्रोपियस आधीच आले होते. जुनी नाराजी मागे पडली. जॅक प्रिचर्ड या उद्योजकाला प्लायवूडचं फर्निचर हवं होतं. मार्सेलनं आपल्या धातूच्या लांब आरामखुर्चीची कल्पना घेतली आणि १९३६ मध्ये ती वाकवलेल्या प्लायवूडमध्ये केली. पोलादासाठी प्रसिद्ध झालेला माणूस परदेशात उभा राहायची वेळ आली तेव्हा पुन्हा लाकडाकडे आला. डिग्री कुठली आणि ती इथे चालते का, या प्रश्नावर आपण परदेशात किती चपला झिजवतो! मार्सेलजवळ व्हिएन्नाच्या अकादमीची डिग्री नव्हतीच. हातात जे होतं ते सीमेवर कुणी काढून घेऊ शकत नव्हतं.

१९३७ मध्ये ग्रोपियसनं त्याला अमेरिकेत, हार्वर्डला बोलावलं. १९४६ पर्यंत तो तिथे वास्तुकला शिकवत होता. फिलिप जॉन्सन, आय. एम. पे, पॉल रुडॉल्फ असे पुढे गाजलेले वास्तुकार त्या वर्गांतून बाहेर पडले. आणि याच काळात, १९४५ मध्ये, आपला एक माणूस तिथे पोचला. कोकणातल्या आचऱ्याचे, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले अच्युत कानविंदे. भारत सरकारनं त्यांना पाठवलं होतं. ग्रोपियसच्या विभागात शिकून ते १९४७ मध्ये परतले आणि अहमदाबादची अटिरा, कानपूरचं आयआयटी, मेहसाण्याची दूधसागर डेअरी अशी कामं त्यांनी केली. वायमारच्या कार्यशाळेतून निघालेली वाट हार्वर्डमार्गे अशी मालवण तालुक्यापर्यंत येते. दुसरी एक वाट जर्मनीतूनच आली. जे. जे. चे सुधाकर नाडकर्णी उल्मच्या डिझाइन शाळेत शिकले. तिचे पहिले प्रमुख माक्स बिल हे बाउहाउसचे विद्यार्थी. पवईच्या आयआयटीतलं डिझाइन केंद्र, जे १९६९ मध्ये सुरू झालं, ते उभं करण्यात नाडकर्णींचा मोठा वाटा.

मार्सेलचं पुढचं आयुष्य मोठ्या इमारतींचं आहे. पॅरिसचं युनेस्कोचं मुख्यालय, जे १९५८ मध्ये पुरं झालं आणि ज्यात त्याच्याबरोबर नेर्व्ही आणि झेर्फ्यूस होते. न्यूयॉर्कला व्हिटनी म्युझियमसाठी १९६६ मध्ये बांधलेली दगडी इमारत. १९६८ मध्ये अमेरिकेच्या वास्तुकार संस्थेचं सुवर्णपदक. १ जुलै १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो वारला. हे सगळं मोठं खरं, पण माझं मन त्या विशीतल्या मुलाकडेच जातं, जो अकादमीतून उठला आणि रंधा धरायला शिकायला गेला.

मी काही ब्रॉयरची भक्त झालेले नाही. त्याच्या सगळ्याच इमारती मला आवडतात असं नाही, आणि सुतारकाम शिकणारं प्रत्येक मूल ब्रॉयर होत नाही हेही मला कळतं. आमच्या मुलीच्या वर्गातली बरीच मुलं आयुष्यभर चांगल्या खिडक्या आणि स्वयंपाकघरं करतील आणि त्यात काही उणं नाही. मला या चरित्रातून मिळालं ते वेगळं. आपण मुलांना विचारतो तेव्हा डोक्याचं काम की हाताचं, असा प्रश्न टाकतो आणि उत्तरही आपणच ठरवून ठेवलेलं असतं. त्या सुतारशाळेनं हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी निकालात काढला होता, तोही महागाईत, टंचाईत आणि वेगवेगळ्या सरकारांच्या रोषात.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचं असेल त्यांनी मुलांना घेऊन वायमार आणि डेसाउ जरूर करावं. दोन्हीकडे २०१९ पासून नवी बाउहाउस संग्रहालयं आहेत. डेसाउची मूळ इमारत स्टेशनपासून चालत जाण्यासारखी आहे. मुलांना खुर्च्या नुसत्या बघू देऊ नका, त्या कशा जोडल्या आहेत ते वाकून पाहायला सांगा.

मुलीचं हे शेवटचं वर्ष. परीक्षेसाठी तिनं एक लिहायचं मेज आखलं आहे, ओक लाकडाचं, एका ड्रॉवरचं. त्या ड्रॉवरवर तिनं सहा संध्याकाळी घालवल्या. फार घट्ट बसवला तर दमट हवेत लाकूड फुगून अडकणार, फार सैल बसवला तर खडखडणार. हे मी आजींना फोनवर सांगत होते, तर पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, की असं असेल तर आपल्या देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर दर पावसाळ्यात अडकतो, त्याचं काही होईल का. वाती आणि कापूर त्यातच असतो, आणि दर आषाढात तो उघडायला दोन माणसं लागतात. नात सुट्टीत येईल तेव्हा रंधा घेऊन ये म्हणावं, गावातल्या कुणाला त्या हात लावू देणार नाहीत.